प्रोजेक्ट मॅनेजर, वाईट बातमी तुमच्यापर्यंत कधी पोहोचते?

पाच-सात वर्षं इंजिनिअर म्हणून चोख काम केलं की प्रोजेक्ट मॅनेजरचं पद मिळतं, आणि वर्षअखेरच्या मूल्यांकनात एक शेरा येतो : ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं.’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत असोत, चाकणच्या कारखान्यात नवी लाइन उभी करत असोत की ठाण्यातल्या टॉवरच्या साइटवर असोत, वाचकांचे प्रश्न तेच असतात. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावू का? प्रेझेंटेशन शिकू का? मी मुळात अबोल, त्यात मराठी माध्यमातला. मला हे जमेल का? टीमशी मित्रासारखं वागू की अंतर ठेवू? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे : संवादकौशल्य म्हणजे चांगलं बोलता येणं. हीच समजूत तुम्हाला चुकीच्या वाटेला लावते.

तुम्ही आता स्वतः कोड लिहीत नाही, वेल्डिंग करत नाही, शटरिंग लावत नाही. तुमच्या हातात आहेत ते निर्णय : कुणाला कुठे लावायचं, आधी काय उरकायचं, क्लायंटला काय सांगायचं. निर्णय माहितीवर उभे राहतात, आणि सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे वाईट बातमी, कारण तिच्यावरच काहीतरी करावं लागतं. काम अडतंय हे आठ आठवडे आधी कळलं तर माणसं हलवता येतात, काम टप्प्यांत वाटता येतं, तारीख बोलून घेता येते. दोन दिवस आधी कळलं तर फक्त माफी मागता येते. म्हणून तुमच्या संवादाची कसोटी एकच धरा : प्रकल्पात काही बिघडलं, तर ते तुम्हाला किती लवकर कळतं आणि तुमच्याकडून पुढे किती लवकर जातं? खाली सांगितलेली प्रत्येक गोष्ट या कसोटीसाठीच आहे.

आधी हे समजून घ्या : लोक गप्प का बसतात

अडचण माहीत असलेला माणूस प्रकल्पात जवळजवळ नेहमीच असतो. प्रश्न असतो तो त्याचं म्हणणं निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाची दुर्घटना हे याचं सगळ्यात नीट तपासलं गेलेलं उदाहरण. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी, २७ जानेवारी १९८६ रोजी, रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी बजावलं होतं की सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात सांध्यांवरच्या रबरी कड्यांचा भरवसा देता येत नाही, तेव्हा उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत बोलून भूमिका बदलली आणि उड्डाणाला होकार कळवला. दुसऱ्या दिवशी यान ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाला आढळलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना इंजिनिअरांचा हा विरोध माहीतच नव्हता. त्याच आयोगावर असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर शंभरात एक मानत होते, तर व्यवस्थापन एक लाखात एक. एकाच संस्थेत, एकाच यंत्राबद्दल इतकी तफावत राहू शकली, कारण खालची माहिती वर जाताना पायरीपायरीला सौम्य होत गेली.

यावर तुम्ही म्हणाल की आमच्या टीममध्ये तर तक्रारच नसते, सगळं सुरळीत आहे. इथेच सावध व्हा. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले : ज्या गटांत नेतृत्व चांगलं होतं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. बाकीच्या गटांत त्या झाकल्या जात होत्या. याचा अर्थ तुमच्यासाठी असा, की ज्या बैठकीत एकही अडचण निघत नाही, ती बैठक चांगली झाली असं समजू नका. काही महिन्यांच्या प्रकल्पात अडचण नाही असं होत नाही. ती तुमच्यासमोर मांडली जात नाहीये, इतकंच.

टीमला विचारायचं कसं

आठवड्याच्या बैठकीत बहुतेक मॅनेजर जे विचारतात, त्यात उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं. हे पाहा (मायग्रेशन म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेणं) :

‘मायग्रेशन वेळेत होतंय ना?’
‘हो सर, होऊन जाईल. नव्वद टक्के झालंय.’

इथे कुणी खोटं बोललेलं नाही. तुम्हाला ‘हो’ हवं होतं, ते मिळालं. आता तोच विषय दुसऱ्या तऱ्हेने :

‘मायग्रेशनची ट्रायल शेवटची कधी चालवली?’
‘मंगळवारी.’
‘कोणत्या डेटावर?’
‘एका शाखेच्या. बाकीच्या शाखांचा डेटा अजून आलेला नाही.’
‘तो कुणाकडून यायचाय?’
‘क्लायंटच्या आयटीकडून. दोनदा मेल केलाय, उत्तर नाही.’

दुसऱ्या संभाषणाला मिनिटही लागत नाही, पण ‘नव्वद टक्क्यां’च्या मागे एकाच शाखेचा डेटा आहे आणि अडथळा क्लायंटकडे आहे, हे त्यातून बाहेर आलं. टीममधला ज्युनिअर मुलगा क्लायंटच्या आयटी प्रमुखाला तिसरा मेल करायला कचरतो. तुम्ही एक फोन करून ते काम करू शकता. विचारण्याची पद्धत बदलली की तुमच्या पदाचा उपयोग होऊ लागतो. त्यासाठी एवढं पाळा :

- ‘ना’ने संपणारे प्रश्न सोडा. ‘जमेल ना?’, ‘कळलं ना?’, ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ या प्रश्नांना नकार द्यायला धाडस लागतं. कधी, किती, कोणतं, कुणाकडून, असं विचारा.
- टक्के विचारू नका, दाखवायला सांगा. काय चालवून दाखवता येईल? किती घनमीटर काँक्रीट पडलं? कोणत्या ड्रॉइंगवर कन्सल्टंटची सही झाली? टक्के हा अंदाज असतो; सही झालेलं ड्रॉइंग ही वस्तुस्थिती असते.
- तुमचं मत शेवटी सांगा. तुम्ही आधी बोललात की बाकीचे तुमच्या मताभोवतीच बोलतात. सगळ्यात ज्युनिअर माणसाला सुरुवात करू द्या.
- अपयश आधीच कल्पून पाहा. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक सोपी रीत आहे. प्रकल्प सुरू होतानाच टीमला सांगा : ‘समजा, आपला प्रकल्प पार फसला. तो का फसला, ते प्रत्येकाने कागदावर लिहा.’ मग एकेक कारण वाचा. शंका काढणं हेच काम म्हणून दिलं, की शंका काढणारा नकारात्मक ठरत नाही.
- प्रत्येकाला एकट्याने बोलायला वेळ द्या. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून वीस मिनिटं पुरतात, ती चहाच्या टपरीवर दिली तरी चालतात. चारचौघांत न निघणारी गोष्ट तिथे निघते.

अबोल माणसांनी इथे एक लक्षात घ्यावं. या पाचांपैकी एकाही गोष्टीला वक्तृत्व लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. लागतो तो धीर, आणि उत्तर संपेपर्यंत मधे न बोलण्याची सवय. भरपूर बोलणाऱ्या मॅनेजरपेक्षा हे तुम्हाला सोपं जाण्याचीच शक्यता जास्त.

बातमी आल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचं

विचारायची रीत शिकलात, पण उत्तर ऐकून भडकलात, तर पुढच्या वेळी उत्तर येणार नाही. एका माणसाला सगळ्यांसमोर झापलंत तर त्याचा धडा सगळी टीम घेते : साहेबांना सांगायचं नाही. म्हणून वाईट बातमी ऐकताना क्रम ठरवून ठेवा. आधी, सांगितल्याबद्दल आभार. मग माहिती : कधीपासून, कुठवर, आणखी कशावर परिणाम. मग पुढचं पाऊल : आज कोण काय करणार. ‘चूक कुणाची?’ हा प्रश्न त्या दिवशी काढूच नका. तो गरजेचा असेल तर काम मार्गी लागल्यावर, आणि ‘आपल्या पद्धतीत हे कुठून निसटलं?’ असा विचारा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतकं सौम्य वागलं तर टीम डोक्यावर बसेल. आक्षेप गंभीर आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. बातमी आणणाऱ्याला सुरक्षित ठेवणं म्हणजे कामचुकारपणाकडे डोळेझाक करणं नाही. चूक करून वेळेत सांगितली, तर मदत. तीच चूक पुन्हा झाली, तर एकांतात स्पष्ट बोलणं. चूक लपवली, तर कठोर भूमिका. हा फरक टीमला पहिल्याच आठवड्यात सांगून टाका आणि तसंच वागा. सांगणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याला जास्त किंमत मोजावी लागते, असं दिसलं की लोक सांगू लागतात.

एकांतातलं ते बोलणंही नेमकं हवं. ‘तू बेजबाबदार आहेस’ या वाक्याने समोरचा स्वतःची बाजू मांडण्यात गुंततो. त्याऐवजी काय घडलं, त्याने काय झालं आणि आता काय हवं, हे तीन भाग सांगा : ‘सोमवारचा आणि बुधवारचा रिपोर्ट आला नाही. त्यामुळे टेस्टिंगचे दोघं दिवसभर बसून राहिले. उद्यापासून पाचपर्यंत हवा. त्यात काही अडचण आहे का?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. कधीकधी खरी अडचण त्यातूनच कळते. वयाने मोठा फोरमन किंवा मुकादम तुमच्या हाताखाली असेल तर अहो-जाहोने, ‘काका’ म्हणून बोला, तो मान त्यांना द्याच. मात्र मोजमाप आणि तारीख त्यांच्याकडूनही तितक्याच काटेकोरपणे घ्या. मान बोलण्यात असावा, सूट कामात नसावी.

सांगितलेलं पोहोचलं का, ते तपासा

वाईट बातम्यांपैकी काही तुमच्याच सूचनांमधून जन्माला येतात. तुम्ही एक सांगता, समोरचा दुसरं समजतो, आणि ते कळतं काम झाल्यावर. विमान वाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर, धुक्यात, दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मृत्युमुखी पडली. उड्डाणाची परवानगी मिळाल्याचं एका कॅप्टनने गृहीत धरलं. प्रत्यक्षात ती मिळालेली नव्हती. नियंत्रक आणि दुसरं विमान एकाच क्षणी बोलल्याने रेडिओवरचा इशारा नीट ऐकू आला नाही. त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालं नसावं अशी शंका विचारली, पण ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे ती बाजूला सारली आणि विषय तिथेच संपला. यानंतर विमान वाहतुकीत ठरावीक शब्द ठरावीक अर्थानेच वापरण्यावर आणि महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत बोलून दाखवण्यावर भर दिला गेला.

तुमच्या कामात ही रीत अशी आणा. तारीख, प्रमाण, जागा आणि जबाबदार माणूस, या चार गोष्टी ज्या सूचनेत आहेत, ती समोरच्याकडून परत ऐका. ‘समजलं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’ हेच येतं. अनुभवी माणसाला परत बोलून दाखवायला सांगणं अपमानास्पद वाटेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे भार स्वतःवर घेणं : ‘मी नीट सांगितलं का ते बघू द्या, उद्या सकाळी नेमकं काय काय करणार, एकदा सांगा.’ मराठी, हिंदी, भोजपुरी, तेलुगू अशा भाषा बोलणारे कामगार एकत्र असलेल्या साइटवर तर हे टाळूच नका. तिथे सूचना मुकादमामार्फत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी बदलते. ड्रॉइंगवर बोट ठेवून, भिंतीवर खडूने खूण करून, आकडा लिहून दाखवा.

बॉसला आणि क्लायंटला कसं सांगायचं

खालून बातमी येते, पण मॅनेजर ती आठवडाभर स्वतःकडे ठेवतो, हा सगळ्यात नेहमीचा सापळा. ‘आधी आपण सावरून पाहू’ असा सद्हेतूच त्यामागे असतो. मग स्टेटस रिपोर्ट कलिंगडासारखा होतो : बाहेरून हिरवा, आत लाल. तो कापला जातो तेव्हा सगळ्यांचा विश्वास एकदम जातो. त्यापेक्षा बातमी लवकर द्या, पण नुसती देऊ नका. सोबत निर्णयासाठी लागणारं सगळं द्या. काय झालं, त्याचा परिणाम काय, पर्याय कोणते, तुमची शिफारस काय आणि निर्णय कधीपर्यंत हवा. वर दिलेल्या मायग्रेशनबद्दलचा मेल असा लिहिता येईल :

> ‘एक सोडून कोणत्याच शाखेचा डेटा न मिळाल्याने मायग्रेशनची पूर्ण ट्रायल झालेली नाही. आहे त्या वेगाने गो-लाइव्ह १२ दिवस पुढे जाईल. दोन पर्याय आहेत. अ : पाच मोठ्या शाखा ठरल्या तारखेला, बाकीच्या दुसऱ्या टप्प्यात. ब : सर्व शाखा एकत्र, १२ दिवस उशिरा. आमची शिफारस अ. त्यासाठी या पाच शाखांचा डेटा आणि आपला होकार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवा.’

यात कुणावर ठपका नाही, क्षमायाचना नाही, आणि वाचणाऱ्याला काय करायचं ते एका वाचनात कळतं. साधं मराठी किंवा साधं इंग्रजी याला पुरतं; अलंकारिक भाषेने उलट मुद्दा झाकला जातो.

असं सांगितलं तर क्लायंट हातचा जाईल, ही भीती मोठी असते. पण क्लायंटच्या बाजूने विचार करून पाहा. त्यांनी तुमच्या तारखेवर स्वतःच्या गोष्टी बांधलेल्या असतात : कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, जुन्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सची मुदतवाढ, भाडेकरूंचं स्थलांतर, यंत्र येण्याचा दिवस. उशिरापेक्षा त्यांना जास्त दुखतं ते ऐनवेळी कळणं, कारण तेव्हा त्यांच्याही हातात काही उरत नाही. काही क्लायंट लवकर सांगितल्यावरही आदळआपट करतील, हे खरं आहे. म्हणून पथ्य पाळा : क्लायंटआधी तुमच्या वरिष्ठांना सांगा, म्हणजे त्यांना परक्यांसमोर धक्का बसणार नाही. आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्ट वर नेऊ नका, नाहीतर खरा इशारा गर्दीत हरवेल. या चारपैकी एक जरी लागू असेल तर त्याच दिवशी वर कळवा :

- ठरलेली तारीख, खर्च किंवा दर्जा बदलण्याची शक्यता आहे.
- सुरक्षिततेला धोका आहे.
- अडथळा तुमच्या अधिकाराबाहेरचा आहे.
- दुसऱ्या टीमचं किंवा कंत्राटदाराचं काम त्यामुळे थांबणार आहे.

क्लायंट ‘एवढा छोटासा बदल करून टाका’ म्हणतो, तेव्हाही पर्याय मांडण्याचाच नियम. सरळ नकार देऊ नका आणि तिथल्या तिथे होकारही देऊ नका. ‘टीमशी बोलून उद्या कळवतो’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी तीन वाटा समोर ठेवा : तारीख वाढवून बदल, पैसे वाढवून बदल, किंवा दुसरं एखादं काम कमी करून बदल. निवड त्यांची, पण फुकट बदलाचा पर्याय यादीत नाही.

काय बोलायचं, काय लिहायचं

बोलून सांगितलं की सांगितलं, असं अनेकांना वाटतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झालं, कारण कंत्राटदाराच्या एका सॉफ्टवेअरमधले आकडे पाउंड-फोर्स-सेकंद या एककात होते आणि नासाची टीम ते न्यूटन-सेकंदात आहेत असं धरून चालली होती. ही चूक कुणालाच जाणवली नाही असं नाही. मार्गातली विसंगती काहींच्या लक्षात आली होती, पण ती ईमेलमधून, अनौपचारिकपणे फिरत राहिली. अडचण नोंदवून तिचा पाठपुरावा करण्याची जी रीतसर पद्धत होती, तिच्यात ती गेलीच नाही. अडचण बोलली गेली, लिहिलीही गेली, पण ती सोडवणं ही कुणाची जबाबदारी आहे हे ठरलं नाही. म्हणून कोणती गोष्ट कुठे मांडायची, ते आधीच ठरवून टाका :

- समोरासमोर किंवा फोनवर : मतभेद, नाराजी, चुकीबद्दलचं बोलणं, वाटाघाटी. रागात मेल लिहू नका. लिहिलात तर सकाळपर्यंत पाठवू नका.
- मेलवर : निर्णय, तारखा, कामाच्या व्याप्तीतले बदल, क्लायंटचे तोंडी होकार. फोन झाल्यावर त्याच दिवशी चार ओळी पाठवा : ‘आज आपलं असं ठरलं. काही वेगळं असेल तर उद्यापर्यंत कळवा.’
- सामायिक यादीत : प्रत्येक उघडी अडचण, तिच्यासमोर एकाच माणसाचं नाव आणि पुढची तारीख. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट पाहतात.
- व्हॉट्सअॅपवर : तातडीचा निरोप, साइटचे फोटो. निर्णय तिथे झाला तर तो मेलवर उतरवा. ग्रुपमधला मेसेज पाहिला म्हणजे मान्य केला, असं होत नाही.

सगळं लिहून घेतलं तर लोकांना अविश्वास वाटेल, असं म्हटलं जातं. एकाच माणसाकडून लिहून घेतलंत, किंवा भांडण झाल्यावर लिहू लागलात, तर नक्कीच वाटेल. पहिल्या दिवसापासून, सगळ्यांशी, स्वतःची आश्वासनंही त्याच यादीत टाकून लिहिलंत, तर ती कामाची रीत ठरते.

माणसं वाढली की बैठका वाटून टाका

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये दाखवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. एक कारण नव्यांना शिकवण्याचा वेळ, दुसरं परस्परांत बोलण्याचा वाढता व्याप. ५ माणसांत जोड्या होतात १०. १५ माणसांत १०५. म्हणून पंधरा जणांची रोजची बैठक चालवू नका. चार-पाच जणांचे गट करा, प्रत्येकाचा एक प्रमुख नेमा आणि प्रमुखांची वेगळी छोटी बैठक घ्या. एवढा संवाद सांभाळत बसलो तर काम कधी करू, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे : संवाद वाढवायचा नाहीये, योग्य माणसांत घडवायचा आहे.

कायदा काय म्हणतो, तेवढं माहीत असू द्या

- ईमेलवरचा होकार : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून अवैध ठरत नाही. पण तुमच्या करारात ‘बदल सही केलेल्या पत्रानेच’ अशी अट असू शकते. बदल आणि नोटीस यांची कलमं प्रकल्प सुरू होण्याआधी वाचा.
- पुरावा : भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून चालतात, त्यासाठी कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ मेल आणि मेसेज जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.
- छोट्या पुरवठादारांची बिलं : पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे पैसे देण्याची मुदत माल वा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. माल किंवा काम सदोष असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या. तोंडी कुरकुर हरकत धरली जात नाही.
- लैंगिक छळाची तक्रार : टीममधल्या महिलेने तुम्हाला काही सांगितलं, तर स्वतः चौकशी करू नका आणि ‘आपसांत मिटवा’ असं चुकूनही म्हणू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. समिती सबळ कारणासाठी आणखी तीन महिने देऊ शकते. समेट फक्त तक्रारदार महिलेने मागितला तर, समितीमार्फत, आणि पैशांच्या मोबदल्यावर नाही. तिचं नाव आणि तपशील गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुमचं काम तिला समितीपर्यंत पोहोचवणं आणि दरम्यान तिला त्रास होणार नाही, हे पाहणं.

वरचेच ऐकत नसतील तर

इथवरच्या सगळ्या सल्ल्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे : मी खालची बातमी वर नेली, पण वर कुणाला ती ऐकायचीच नसेल तर? अशा संस्था आहेत. तिथे संवादकौशल्य प्रश्न सोडवत नाही, पण तुमच्यासमोरचे पर्याय स्पष्ट करतं. पहिला पर्याय : बातमीचं रूपांतर निर्णयात करा. ‘उशीर होतोय’ हे वाक्य दुर्लक्षित होतं, ‘अ की ब, शुक्रवारपर्यंत सांगा, उत्तर नाही आलं तर ब धरून चालतो’ याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं, आणि केलं तरी त्याची नोंद राहते. दुसरा : संस्थेतली दुसरी रीतसर वाट शोधा, मग ती क्वालिटी विभागाची असो, सेफ्टी ऑफिसरची असो की प्रकल्पाला पैसा देणाऱ्या विभागाची. वरिष्ठांना सांगून ती वाट धरा, त्यांच्या पाठीमागे नको. तिसरा : प्रश्न माणसांच्या जिवाचा असेल तर तुमच्या अखत्यारीतलं काम थांबवा आणि मग लेखी कळवा. तिथे तारखेची चर्चा नंतर. आणि हे सगळं करूनही खरं बोलणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर प्रकल्प बदलून मागणं किंवा संस्था सोडणं हा पराभव मानू नका. जिथे वाईट बातमी दडपली जाते, तिथल्या अपयशाची जबाबदारी शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरच्याच नावावर लिहिली जाते.

बहुतेक ठिकाणी मात्र परिस्थिती इतकी टोकाची नसते. लोकांना कुणी नीट विचारलेलं नसतं, इतकंच. त्यामुळे सुरुवात लहान ठेवा. या आठवड्यात टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं भेटून विचारा : ‘तुम्हाला माहीत आहे, पण मला अजून माहीत नाही, असं प्रकल्पात काय आहे?’ उत्तर मिळालं तर आभार माना आणि चोवीस तासांत त्यावर काहीतरी करून त्या माणसाला कळवा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.